बरी झाले हे सांगायचं कसं

समुपदेशक बाईंच्या बाहेरच्या खोलीत मी माझ्या वेळेआधीच येऊन बसलो होतो. समोर दोघी जणी एकमेकींशी बोलत होत्या.

"तुम्हाला कसला त्रास?"

"त्रास नाही हो. मी स्वतः समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्यांबद्दल बाईंचा सल्ला घेते."

"म्हणजे डॉक्टरांचे डॉक्टर."

"तसंच. आणि तुम्ही?"

"मला कुणाला नकार देता यायचा नाही. आता येतो. परवा नणंदेला तोंडावर सांगितलं, जमणार नाही."

"छान. मग आता कशाला येता?"

"बाई इतक्या मायेनं विचारतात, या आठवड्यात काय बिनसलं? बरी झाले म्हणवत नाही. आज बसमध्ये नवऱ्याशी एक भांडण रचलंय."

"अहो, सरळ सांगायचं. मी रोज लोकांना हेच शिकवते."

"तुम्हाला होतो का त्यांच्या सल्ल्याचा उपयोग?"

"त्या डोळे मिटून ऐकतात."

"मग बरंय की."

"घोरतात."

"अगं बाई. उठवत नाही?"

"दिवसभर लोकांचं ऐकून दमतात बिचाऱ्या. मी आपली हळू आवाजात बोलते."

दार उघडलं. बाईंच्या गालावर उशीचा वळ होता. नणंदेला नकार देणारीकडे पाहून त्या म्हणाल्या,

"या. पुढच्या आठवड्यापासून दोनदा येत जा. आपलं काम अजून बरंच बाकी आहे."

"चालेल, बाई."

"आणि तुम्हीसुद्धा. तुम्ही येऊन गेलात की मला फार ताजंतवानं वाटतं."

"येईन की."