सगळ्या होड्या आल्या

पद्मावती : काळोखाचं मला सांगू नकोस, सुदेश. माझे बाबा डोळे मिटूनसुद्धा तेरेखोलच्या मुखातून होडी आत आणायचे.

सुदेश : पण घरच्या खिडकीतल्या दिव्याचा नेम धरून, ताई. लढाई सुरू झाली आणि नौदलाचा हुकूम आला, किनाऱ्यावर उजेड दिसता नये.

पद्मावती : सगळ्या होड्या आत आल्यावर दिवे मालवायचे होते. ती राखण तुझ्याकडे होती ना?

सुदेश : होय.

पद्मावती : आणि पोलिसांना तू सांगितलंस, सगुणकाका हुकूम मोडून गेले. बाबा दुपारी गेले. हुकूम तिन्हीसांजेला आला. स्मशानात लोक कुजबुजत होते, म्हाताऱ्याला हाव सुटली म्हणून.

सुदेश : मी मोजल्या, ताई. काकांची होडी माडाखाली उलटी होती, वर झावळ्या. म्हटलं, काका घरात आसत.

पद्मावती : तिला डांबर लावलं होतं. ते रामचंद्रमामांची घेऊन गेले.

सुदेश : ती कोण काढीत नाय, म्हणून मी मोजणीत धरलीच नाय. रस्त्यावरूनच ओरडलो, काकी, सगळ्या होड्या आल्या, दिवा मालव!

पद्मावती : आणि आईने मालवला. काळोखात बाबा मुखाशीच बुडाले.

प्रभावती : (आतून बाहेर येत) मालवलंय. म्हटलं, धक्क्यार गजाली मारीत बसले असतीत.

पद्मावती : तुला माहीत होतं? मग मला का म्हणालीस, मनाई असताना गेले?

प्रभावती : ह्याका पण मीच सांगितलंय, तसाच सांग म्हणान.

पद्मावती : बाबांना खोटं पाडून?

प्रभावती : आज परत काळोख करूचो आसा. ह्याची चूक कळली तर ह्याचा कोण ऐकतलो? एकान जरी हट्टान दिवो ठेवलो आणि वरसून बॉम्ब पडलो तर?

पद्मावती : आणि त्यांचं नाव?

प्रभावती : लढाई संपांदे. सगळ्यांसमोर मीच उभी रवान सांगतंय. तोपर्यंत ते माझ्यार रागावतले, रागावांदेत. जन्मभर रागावलेच ना.

सुदेश : काकी, दुसऱ्या कोणाला पाठवा. माझ्यानं आज कोणाच्या दारात ओरडवणार नाय.

प्रभावती : ओरडू नको. एकेका घरात जा, माणसा बघ, मगच सांग. ऊठ.

सुदेश : ताई...

पद्मावती : माझ्याकडे बघू नकोस. जा.

प्रभावती : थांब रे. आधी आमच्याच खिडकेक गोणपाट लाव. आत त्यांच्या नावाचो दिवो तेवता हा. भायर दिसता काय बघ.