पाटीवर कुसकुस नाही

मन्नूबिया : परत वाच. हळू वाच, मला थुंकायला वेळ मिळू दे.

एमना : "परंपरेची नवी परिभाषा. मातीशी नातं, मायेचा स्पर्श, उद्याच्या ताटासाठी." उम्मी, आपल्या वेबसाइटवर माणूस आला की पहिलं हेच दिसतं.

मन्नूबिया : आणि विकतोय काय आपण? साबण? का कबरीला जागा?

एमना : रव्याचा आपला कुसकुस आहे ना खाली. बोटानं वर सरकवायचं.

मन्नूबिया : सरकव. अजून सरकव. थांब, ही म्हातारी कोण?

एमना : असले फोटो तयार मिळतात.

मन्नूबिया : दात बघ तिचे, सगळेच्या सगळे. वर नखं रंगवलेली. हिनं जन्मात रवा वळला असेल तर माझी चाळण चुलीत घालते. माझ्या अंगणात बायांनी उन्हाळाभर पाठ मोडून घेतली, आणि पाटीवर ही बया हसतेय.

एमना : तुझा फोटो काढू म्हटलं तर तू चप्पल उगारलीस.

मन्नूबिया : मी काय काकडी आहे, बाजारात मांडायला? पुढं चल.

एमना : हे बघ, आलं. "हातानं वळलेला कुसकुस."

मन्नूबिया : आत्ता? दारातून घ्यायचं, अंगण ओलांडायचं, मागच्या खोलीत नेऊन कानात सांगायचं, की बाई, आम्ही कुसकुस विकतो. तोवर गिऱ्हाईक घरी जाऊन जेवलंसुद्धा. घेतला का कुणी?

एमना : बघून जातात सगळे. एक ऑर्डर आली.

मन्नूबिया : कुणाची?

एमना : माझीच. चालतंय का बघायला.

मन्नूबिया : शाबास. ट्युनिसला जाऊन शिकलीस, कंपनी काढलीस, आणि आईचाच कुसकुस आईकडून विकत घेतलास. सकाळी जाझिया येऊन गेली, माहीत आहे? कुसकुसच्या गोण्या तशाच पडल्यात, वळायला काम नाही, शनिवारपासून पिकअपवाल्याकडं जाते म्हणाली, जैतुनाच्या तोडणीला. मेंढरांसारख्या उभ्या करून नेतो तो मेला. गेल्या हिवाळ्यात तिची बहीण त्याच गाडीतून पडली. पुरून आल्यावर मी जाझियाला म्हटलं होतं, माझ्या अंगणात बस, त्या गाडीत तुला चढू देणार नाही. शब्द मी दिलाय. या नखंवालीनं नाही.

एमना : मग तूच सांग, काय लिहू?

मन्नूबिया : "मन्नूबियाचा कुसकुस." बास.

एमना : ट्युनिसमध्ये तुला ओळखतं कोण?

मन्नूबिया : काय म्हणालीस?

एमना : खरं तेच. तुझा दरारा इथल्या वेशीपर्यंत. तिथं कोपऱ्यावर यंत्राची पिशवी मिळते, तुझ्या निम्म्या किमतीत. ती सोडून तुझा का घ्यावा, हे तूही सांगत नाहीस.

मन्नूबिया : चवीसाठी. यंत्राचा म्हणजे भिजवलेली वाळू. मी कोंबड्यांना घालायची नाही तो.

एमना : चवीचं सोड, उम्मी.

मन्नूबिया : का सोडू? आणि खाली काय बघतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून तुझं खोटं ओळखते मी.

एमना : मार्चमध्ये डोळे दाखवायला आली होतीस. न सांगता.

मन्नूबिया : आले होते. मटण-भोपळ्याचा कुसकुस केलास. परत मागून घेतला मी.

एमना : तो पिशवीतला होता.

(मन्नूबिया उठून दाराशी जाते, अंगणात थुंकते, परत येऊन बसते.)

मन्नूबिया : माझा हात उतरलाय तुझ्यात, असं म्हणाले होते मी.

एमना : हो.

मन्नूबिया : तुझ्या नवऱ्यासमोर.

एमना : तो काही बोलला नाही कधी.

मन्नूबिया : मी बरण्या भरभरून पाठवते, त्याचं काय करतेस?

एमना : सासूबाई यायच्या असल्या, ईद असली, की काढते. रोज कसा जमेल? ऑफिसातून यायलाच अंधार पडतो. तुझा वाफवा, गुठळ्या मोडा, पुन्हा वाफवा. पिशवीतल्यावर उकळतं पाणी ओतलं की झालं.

मन्नूबिया : म्हणजे आपला रोजचा नाहीच.

एमना : नाही. पाहुण्यांचा. त्या दिवशी पिशवी लपवतात सगळ्या. ऑफिसातल्या बायका तर ईद जवळ आली की माझ्यामागं लागतात, तुझ्या आईचा थोडा आण म्हणून.

मन्नूबिया : त्यांना सांगतेस का, मातीशी नातं, मायेचा स्पर्श?

एमना : छे. म्हणते, हातानं वळलेला आहे, घरी आणून देईन.

मन्नूबिया : मग तोंडानं नीट बोलतेस, तर पाटीवर कशाला ओकलीस?

एमना : थांब. "हातानं वळलेला कुसकुस, पाहुणे येणार त्या दिवसासाठी. घरपोच." असं?

मन्नूबिया : अगदी वर. बोट लावायच्या आधी दिसलं पाहिजे. आणि दोनदा वाफवावा लागतो, हेही लिही. मागून शिव्या नकोत.

एमना : चवीचं एखादं वाक्य?

मन्नूबिया : नको.

एमना : पण उम्मी...

मन्नूबिया : परत मागून घेतला म्हटलं ना मी. ती नखंवाली काढ आधी. तिच्या जागी जाझियाला घे. हाक मार तिला, म्हणावं हात धू, चाळण घे आणि उजेडात बस.

एमना : ती शनिवारचं विचारेल.

मन्नूबिया : ते मी बघते. आणि एमने...

एमना : काय?

मन्नूबिया : पुढच्या वेळी मी सांगून येईन.