लासेच्या आतलं गेट

बोगना : तुम्ही सांगितलं होतं, बाबा. लासेचं नाव घरात काढू नकोस, विटोल्डच्या डोक्यात जातं. मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. आता बघा, अंतिम शर्यतीला सुटायला त्यानं दुसरं गेट मागून घेतलंय.

झेनॉन : बघितलं. बापाला विचारायची पद्धत गेली.

बोगना : आज दुसऱ्यावरून कोणी जिंकलंय?

झेनॉन : कोणी नाही. तिथली माती पार उडालीय, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पहिलं गेट मोकळं होतं, छान ओलं. तिथून सुटला असता तर पोरगा आज जगज्जेता होता.

बोगना : लासे तिसऱ्यावर आहे.

झेनॉन : म्हणूनच. दुसरं गेट त्याच्या आतलं. पहिल्या वळणावर आतला बाहेर सरकला, की बाहेरचा थेट कुंपणात. स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो, पोरी. सरकणाऱ्यालाही नसतो.

(विटोल्ड हेल्मेट घ्यायला येतो.)

बोगना : पहिलं का नाही घेतलंस?

विटोल्ड : नाही घेतलं.

बोगना : मला वेडी समजू नकोस.

विटोल्ड : लासेनं पाडून माझं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा उशाशी बसून कोण म्हणत होतं, त्यालाही असंच पडलेलं बघायचंय म्हणून?

बोगना : मीच. आजही म्हणते. पण तेव्हा ही कलीना कडेवर नव्हती.

विटोल्ड : तिचे कान नीट झाक. बाबा, क्लच बघितलात?

झेनॉन : बघितला. तुझं डोकंही बघायला हवं होतं.

विटोल्ड : लासेनं दवाखान्यात काय पाठवलं होतं, आठवतं ना? फळांची टोपली, तीही मॅनेजरच्या हातून. वर निरोप, शर्यतीत असं व्हायचंच. आज टोपली मी पाठवीन.

बोगना : बाबा, गेला तो. थांबवा ना.

झेनॉन : गाडी चालू झाली त्याची. आता कोणाचं ऐकतोय? सूर्यफुलाच्या बिया घे.

बोगना : तुम्हाला बिया सुचतात?

झेनॉन : नाहीतर नखं खात बसतो मी.

बोगना : मी तिकडे बघणार नाही. तुम्ही सांगा.

झेनॉन : सुरुवातीची फीत उडाली. विटोल्ड मागे पडला, म्हटलं नव्हतं? पहिल्या गेटवाला पुढे. वळण आलं... लासेच्या आत घुसला आपला. सरकतोय. अरे, सोड की आता, सोड... कुंपणात गेले दोघं.

बोगना : लाल दिवे लागले. शर्यत थांबवली.

झेनॉन : विटोल्ड उठला. धडधाकट आहे. पंचांनी त्यालाच बाद केलं. गुणांत लासेला फक्त आपलाच गाठू शकत होता, म्हणजे तो पडल्या पडल्या जगज्जेता.

बोगना : होऊ दे.

झेनॉन : तू हसतेयस.

बोगना : हो, हसतेय. विटोल्डला कुशीवर वळवायला दोन नर्स लागायच्या, बाबा. माझं पोट एवढं पुढे आलेलं, मला हातही लावता यायचा नाही. मी दाराशी उभी राहून ऐकायची. लासेच्या बायकोलाही कळू दे, कसं असतं ते.

झेनॉन : लोक उभे राहिलेत.

बोगना : का?

झेनॉन : गाडी उचलली त्याच्या अंगावरून. तरी उठला नाही.

बोगना : आणि विटोल्ड? तो तिथे गुडघ्यांवर का बसलाय?

झेनॉन : थांब, त्याला घेऊन येतो.

बोगना : विटोल्डला राहू द्या. तुम्ही लासेकडे जा, बाबा. त्याचे पाय हलतायत का, तेवढं बघून या.