सरांनी वाढवलेली प्रतिकारशक्ती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मुख्याध्यापक सर, सहकारी शिक्षक आणि जेवणाकडे डोळे लावून बसलेल्या मित्रांनो,

सरांविषयी दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. एकच पुरेल: प्रतिकारशक्ती. वर्ग असो की पालकसभा, हा शब्द आल्याशिवाय सरांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. मी इथे जीवशास्त्र शिकवते, सर भूगोल. पण शरीरातलं सगळं सरांनाच कळतं, याबद्दल स्टाफरूममध्ये कधी दुमत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ आपल्याच ऑफिसात क्लार्क. त्याला मी माझी किडनी दिली, तेव्हा आपण याच हॉलमध्ये माझा सत्कार केला होतात. आता परकी किडनी शरीर मुकाट्यानं ठेवून घेतं का? आतला पहारेकरी तिच्यावर धावून जातो. त्याला जन्मभर गोळ्या देऊन पेंगत ठेवावं लागतं. नववीच्या पोरांना हे समजतं. सरांना मात्र धक्का बसला. "अरे, प्रतिकारशक्ती मारायच्या गोळ्या खातोस? लोक ती वाढवायला धडपडतात." आणि स्वतःच्या कपाटातला चूर्णाचा डबा त्यांनी त्याच्या टेबलावर ठेवला.

मुख्याध्यापकांना नाही कोण म्हणणार? खुळ्यानं मला न सांगता गोळ्या सोडल्या. गोळ्यांनी त्याचे हात थरथरायचे, ते थांबले. मग काय विचारता, सरांनी भर सभेत त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. "बघा, सांडतंय का?" थेंबही सांडला नाही. मी तेव्हा वर्गावर होते. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. अध्यक्ष महोदय, आपण तर उभं राहून.

पुढे पाय सुजले, लघवी आटली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

भाऊ म्हणाला, "सरांनी."

डॉक्टरांना वाटलं, कुणी मोठे डॉक्टर असणार. म्हणाले, "कुठल्या हॉस्पिटलचे?"

किडनी गेली. सरांनी निदान केलं, "इच्छाशक्ती कमी पडली." म्हणजे शक्ती बदलली, सर तेच. भाऊ आता एक दिवसाआड डायलिसिसला जातो. आजही तिथेच आहे, म्हणून गैरहजर. त्याच्या वतीनं दिलगिरी.

मला बोलू दिलंत, संयोजकांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. तुम्ही घाला किंवा नका घालू. किडनी काढल्यापासून माझ्या पोटात जागा आहे, सर. पण तुमची चूक मी तिथे घालणार नाही.