झोपून बघितलेला समुद्र

नाही, पण मला सांगा, वाळू कोणी हॉलमध्ये आणतं का? हॉलमध्ये! जिथे सोफा आहे, टीव्ही आहे, आईचं औषधांचं टेबल आहे, तिथे वाळू! अजून चपलेत निघते, उशीच्या अभ्र्यात निघते, काल तर चष्म्याच्या घरात निघाली. आणि खापर कोणाच्या डोक्यावर? माझ्या! मी म्हणे घराला सवय लावली. अहो, मला काय, नुसतं आडवं व्हायचं होतं!

बसा, तुम्ही बसा. मी उभाच बरा. तुम्हाला सांगतो, मी गाद्यांच्या दुकानात सेल्समन आहे. शटर वर गेलं की खाली येईपर्यंत चहूकडे गाद्या... स्प्रिंगच्या, फोमच्या, कापसाच्या, पाठदुखीवाल्यांच्या वेगळ्या, नवीन लग्न झालेल्यांच्या वेगळ्या... आणि मधोमध मी. उभा! दिवसभर एकच घोकायचं, 'झोपून बघा साहेब, बूट काढा, कुशीवर वळून बघा, झोपून बघितल्याशिवाय गादी घेऊ नका!' आणि झोपतात हो लोक! एक आजोबा तर चक्क घोरायला लागले, तर त्यांची सून मला हळूच म्हणते, 'हीच द्या, पण इतक्यात उठवू नका.' आणि मी? आमच्या मालकांचा दंडकच आहे, विकणाऱ्याने गादीवर टेकायचंसुद्धा नाही. 'तू बसलास की गिऱ्हाईक उठलंच म्हणून समज!' बरं, हे खोटं आहे का? नाही, तेच तर दुःख आहे.

मग उभ्या उभ्या मी काय करायचो, तर डोळे अर्धे मिटायचे आणि समुद्र बघायचा. दुकानात, हो! समोर गिऱ्हाईक वॉरंटी विचारतंय आणि माझ्या पाठीखाली कोमट वाळू... लाट येतेय, पायाला लागतेय, परत जातेय... वर आभाळ, त्याला काही विकायचं नाही, मला काही विकायचं नाही... 'अहो, वॉरंटी!' हां हां, वॉरंटी. असं कितीतरी वर्षं चाललं. आणि शेवटी, तुम्हाला सांगतो, मालकांनी आठवडाभराची रजा दिली! आईने तर जन्मात समुद्र पाहिलेला नाही. मी घरी जाऊन सांगितलं, 'चला, समुद्रावर.' संपलं की नाही? संपायला पाहिजे होतं की नाही?

कसलं संपतंय! 'कुठल्या?' म्हणाली बायको. आता समुद्र एकच असतो अशी माझी आपली भाबडी समजूत. तेवढ्यात मेहुण्याचा फोन. हे आमचे मेहुणे सगळीकडे जाऊन आलेले असतात, माणूस चंद्रावर गेला तेव्हाही हे आधीच परतीच्या वाटेवर असतील. 'भाऊजी, कुठलाही किनारा घेऊ नका हं! एक आहे पांढऱ्या वाळूचा, एकदम टापटीप. एक खडकाचा, खेकडे बिकडे. आणि एक निवांत, चिटपाखरू नाही. गाडी एकच, तिन्हीकडून जाते, उतरायचं कुठे तेवढं ठरवा.' झालं! बायकोला पांढरा. मुलीला खडकाचा, तिला खेकडे बघायचेत. आई म्हणते, 'मला कुठलाही चालेल रे, फक्त पाठ टेकायला भिंत असली म्हणजे झालं.' समुद्राला भिंत! मी म्हटलं, निवांत घ्या गं, मला नुसतं आडवं व्हायचंय! तर आमची कन्या, नववीत आहे, कमरेवर हात ठेवून, हुबेहूब माझ्या आवाजात म्हणते, 'झोपून बघितल्याशिवाय घेऊ नका, साहेब!'

आणि बायकोला पटलं! 'बरोबरच आहे. गादीसाठी झोपून बघतात, तर मग वर्षाची रजा अशीच घालवायची? आपण घरीच ट्रायल घेऊ.'

ट्रायल! समुद्राची! आमच्या हॉलमध्ये!

पहिला खडकाचा. कन्येने पातेली पालथी घातली, वर चादरी टाकल्या, झाले खडक. आईने जेमतेम पाऊल ठेवलं आणि ठण्ण! आई म्हणाली, 'हा नको बाई, वाजतो.' खडक नापास. मग पांढरा. त्याला बायकोने कपाटातली ठेवणीतली पांढरीशुभ्र चादर अंथरली, वर छत्री उघडली, आणि पाऊल टाकायला गेलो तर केवढ्यानं ओरडली, 'पाय धुतलेत का?' धुऊन आलो. 'पुसलेत का?' पुसून आलो. 'मग कडेनं जा!' अहो, तासभर आम्ही चौघं भिंतीला चिकटून तो किनारा बघत उभे! उभे! शेवटी बायकोच म्हणाली, 'सुंदर आहे, पण राहता येणार नाही.' आणि चादर घडी घालून परत कपाटात.

राहिला निवांत. जायचा दिवस उजाडला, बॅगा दाराशी, गाडी संध्याकाळची. मी म्हटलं, दोन नापास झाले, उरला तो पास, चला! छे! 'न बघता कसा घ्यायचा?' आणि कन्या म्हणे, 'निवांत किनाऱ्याला खरी वाळू लागते, बाबा, तिथे बघायला दुसरं काहीच नसतं.' बिनतोड! समोर एक इमारत बांधतायत. मी गादीचं मोठं प्लास्टिकचं कव्हर घेऊन तिथल्या वॉचमनकडे. 'कशाला पाहिजे वाळू? कुंड्यांना?' मी म्हटलं, 'नाही, समुद्राला.' त्याने फावडं पुढे केलं. म्हणाला, 'न्या, पण परत आणून द्या.' किती खेपा घातल्या ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मला नुसतं आडवं व्हायचं होतं आणि मी हमाली करतोय!

पण काय सांगू तुम्हाला... कव्हर पसरलं, त्यावर वाळू. बायकोने निळे पडदे ओढले. टबात मिठाचं पाणी. पंखा मंद. कन्येने मोबाईलवर लाटा लावल्या... हळू, अगदी हळू, येतायत, जातायत... आई टबात पाय सोडून बसली, पाठीला भिंत. आणि मी आडवा झालो.

वाळू गार होती, मग माझ्याच अंगाने कोमट झाली. पडद्यातून ऊन निळं होऊन छतावर हलत होतं, टबातलं पाणी हललं की तेही हलायचं. बायको बाजूला येऊन पडली, तिच्या केसांत वाळू, आणि ओरडली नाही! ही बाई, जी चादरीवर पाय ठेवू देत नाही, ती म्हणते, 'बरं वाटतंय हो.' कन्या माझ्या पोटावर डोकं ठेवून, लहानपणी ठेवायची तशी. कोणी काही विचारत नव्हतं. मला इतकं सुख झालं, इतकं सुख झालं की रडू येईल असं वाटलं... आणि लाट आली, आणि सोफा हलकेच तरंगत खिडकीबाहेर गेला, मी म्हटलं, जाऊ दे...

जाग आली तेव्हा अंधार पडत होता. मोबाईल बंद पडलेला. चौघंही झोपलेलो. आणि गाडी? गाडी कधीच गेली होती!

मी ताडकन उठून बसलो. रजा, आडवं होणं, आईचा समुद्र, सगळं पाण्यात! बायकोवर ओरडणार, तेवढ्यात आई जागी झाली. मघाशी तिचा पाय लागून टब कलंडला असावा, पाणी मोरीकडे निघून गेलेलं. अर्धवट झोपेत होती, ओल्या वाळूवर हात फिरवत म्हणाली, 'अरे, पाणी कुठे गेलं रे?'

मी कलंडलेला टब सरळ केला. म्हटलं, 'ओहोटी लागलीय, आई.'

'असं होय,' म्हणाली. 'मग येईल परत. छान आहे हो समुद्र. मला उगीच वाटायचं, फार लांब असेल.'

आता तुम्हीच सांगा, यानंतर दुसऱ्या गाडीचं नाव कोण काढणार? कोणी काढलंच नाही. टब परत भरला. म्हटलं, बरं झालं, आता आठवडाभर इथेच, आपल्या निवांत किनाऱ्यावर, नुसतं आडवं व्हायचं!

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. शेजारच्या काकू. 'तुमच्याकडे समुद्र आलाय म्हणे?' कन्येने मैत्रिणींना सांगितलं, आईने जिन्यात सांगितलं, गेली इमारतभर बातमी! काकू आल्या, मग काका टॉवेल घेऊन आले, वरच्या मजल्यावरचं नवीन जोडपं आलं. दारात उभे, संकोचून. आणि माझ्या तोंडून... अहो, इतक्या वर्षांची सवय, जीभ थांबते का? 'या ना साहेब, बूट काढा, झोपून बघा!' झोपले! तो वॉचमन वाळू परत मागायला आला, त्याने टोपी काढली, 'जरा बघतो' म्हणाला, तो घोरायला लागला. आई सगळ्यांना सांगतेय, 'थांबा, भरती आली की पाय भिजवा.' आणि मी? कोणाला उशी दे, कोणाची कूस बदलून दे, टबात मीठ टाक... पाय ठेवायला जागा नाही, माझ्याच समुद्रावर! अख्खा आठवडा भिंतीशी उभा!

सोमवारी मालकांनी विचारलं, 'काय, विश्रांती झाली?' मी म्हटलं, 'हो, भरपूर. सगळ्यांची झाली.'

आणि काल संध्याकाळी मेहुण्याचा फोन. 'भाऊजी, समुद्र झाला, आता डोंगर बघा, तीन आहेत!' मी हात जोडले, म्हटलं नको. पण बायकोने कपाटातून बूट बाहेर काढून ठेवलेत, आईने काठी पुसून घेतलीय, आणि आज कन्येने जाहीर केलं, ट्रायल उद्या सकाळी. जिन्यात. तळापासून गच्चीपर्यंत, तिन्ही डोंगर.

मी नुसतं विचारलं हो, निदान उतरताना लिफ्टने येऊ का?

'बाबा,' म्हणाली, 'डोंगराला लिफ्ट असते का? आणि आजीची आरामखुर्ची तुम्ही घ्या, तिला वर पोचल्यावर जरा आडवं व्हायचंय.'