कीर्तनाच्या पत्रिकेवर बॉम्बवाला

शरयूमावशी : तो फोन ठेव बघू, आणि खुर्ची जवळ ओढ. रविवारचं आख्यान तुला आत्ताच सांगते. मग ठरव, कीर्तन रद्द करायचं की नाही.

यतीन : मी कुठे रद्द म्हणतोय, मावशी? हॉलवाले म्हणतायत. पोलीस आले होते त्यांच्याकडे.

शरयूमावशी : काय म्हणाले?

यतीन : शेवटी हसले. आधी नाही. बघा ना पत्रिका! वर कीर्तन, मध्ये माकडतोंड्या माणूस, हातात बॉम्ब, वात पेटलेली. खाली सनीव्हेलचा पत्ता, रविवार दुपारी चार आणि कॉन्टॅक्ट म्हणून माझं नाव. लायब्ररीच्या बोर्डावर कुणा अमेरिकन माणसाने पाहिली. मराठी नाही वाचता आलं, पत्ता आणि बॉम्ब बरोबर वाचला.

शरयूमावशी : अरे, ते चित्र पडद्यावर दाखवायला पाठवलं होतं! पत्रिकेवर माझा फोटो टाकायचास.

यतीन : तुमचा ब्लर होता. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज चालू होतं, घाईत हाताला लागलं ते चिकटवलं.

शरयूमावशी : म्हणजे माझ्यापेक्षा तो देखणा निघाला.

यतीन : हसवू नका, मावशी. थकलोय.

शरयूमावशी : मग नुसता ऐक. व्हिक्टोरिया राणीचं राज्य. आयर्लंड स्वतंत्र व्हावं म्हणून काही आयरिश लोकांनी लंडनच्या स्टेशनांत स्फोट केले. माणसं जखमी झाली. वाईटच केलं, मी काही त्यांना हार घालत नाही. पण तिथल्या विनोदी साप्ताहिकांनी काय करावं? आयरिश म्हटला की काढ माकड, दे हातात बॉम्ब! हे चित्र त्यातलंच. माझं आख्यान मात्र बॉम्बवाल्याचं नाहीच. त्याच शहरात एक आयरिश गवंडी आहे. हा मीच घडवलाय बरं. फडक्यात पाव बांधून कामाला निघतो. बाकावर बसला की शेजारची बाई गाठोड्याकडे बघत उठते. बिचारा गाठ सोडून पाव दाखवतो.

यतीन : रोज?

शरयूमावशी : रोज. मग बसायचंच सोडतो. उभा राहतो.

यतीन : मी दाढी उगाच नाही काढली. एअरपोर्टवर कुणी विचारायच्या आधीच बॅग उघडून दाखवतो.

शरयूमावशी : मग तूच सांग, हे गायचं नाही? पडदा नको, चित्र नको. देवाला कुठे हॉल लागतो? लेकीच्या गराजमध्ये उभी राहीन. चिपळ्या आहेत, तबल्याला तू आहेस.

यतीन : मी नसेन.

शरयूमावशी : का रे? तुझं नागपूरचं विमान त्यानंतर बुधवारी ना?

यतीन : तिकीट कॅन्सल केलं सकाळी.

शरयूमावशी : अरे, बाबा हॉस्पिटलात आणि तू तिकीट कॅन्सल करतोस?

यतीन : तिकडे गेलं की पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागतो, त्याशिवाय परत येता येत नाही. वकीलबाई म्हणाल्या, गुन्हा काही नाही, पण पोलिसांकडे नाव गेलंय. आत्ता देश सोडू नकोस, अडकशील. कीर्तनातही दिसू नकोस.

शरयूमावशी : बाबांना सांगितलंस?

यतीन : ऑफिसचं काम निघालं म्हणालो. ते म्हणाले, बरं, काम आधी.

शरयूमावशी : चित्र माझं होतं. माझं नाव दे त्यांना. मी काय, लेकीकडे आलेली पाहुणी, दिवाळीला पुण्याला परत जाणार.

यतीन : आणि पुन्हा येऊ दिलं नाही तर? नात कुणाच्या मांडीवर झोपेल? राहू द्या, मावशी.



शरयूमावशी : मग मी गाऊ तरी कशी?

यतीन : गा. उभ्या राहणाऱ्या माणसाचं नीट गा. फक्त एक करा.

शरयूमावशी : बोल, बाळा.

यतीन : मध्ये थांबून सगळ्यांना बुक्का लावतात ना, तेव्हा माझ्या बाबांची आठवण काढा, बरे व्हावेत म्हणून. वामनराव नाव आहे त्यांचं.