बरणीतला साका

(नवीन जालन्यात स्टेशन रोडला मच्छिंद्रचं मोटारसायकलीचं गॅरेज. मागच्या खोलीत ओलं गोणपाट गुंडाळलेलं निळं बॅरल. दिवस कलला आहे.)

अंगद: अजून एक घोट घे. सावकाश. आन सांग, कुणाची हाय.

मच्छिंद्र: बिअर हाय. बरी हाय. तू बनवली?

अंगद: आधी वास घे. कशाचा येतोय?

मच्छिंद्र: केळाचा. आन मागून लवंगेचा, जरासा.

अंगद: केळं आन लवंग. हा वास अख्ख्या जालन्यात एकाच बॅरलला येतो, मच्छ्या. ह्या खोलीतल्या. आन असल्या दोन बाटल्या मला परवा सुमितनं दिल्या. आमच्या सीड कंपनीच्या गेटवर आल्ता. "अंगदभाऊ, चाखून सांगा ना."

मच्छिंद्र: मंग सांग की त्याला. चांगलं पोरगं हाय. बँकेत हाय.

अंगद: तू त्याला आपलं यीस्ट दिलंस.

मच्छिंद्र: तो पाना दे जरा इकडं. ह्या गाडीचा नट ढिला राह्यलाय.

अंगद: पाना राहू दे. दिलंस का न्हाई?

मच्छिंद्र: दिलं. बरणीतले दोन चमचे दिले. त्यात काय एवढं? शेजारी विरजण मागायला आला तर आपण काय दार लावतो व्हय?

अंगद: ते दह्याचं विरजण न्हाई. पुण्याहून पाकीट मी आणलं होतं. पहिली बिअर झाली, तिच्या बुडाला जो साका बसला तो मी बरणीत धरला. त्याच्यावर दुसरी, दुसरीच्या साक्यावर तिसरी. ऊन चढलं की मरंल म्हणून बॅरलला ओलं गोणपाट. बायको, शीतल, म्हणायची, पोटच्या लेकराला इतकं जपलं न्हाई तुम्ही.

मच्छिंद्र: गोणपाट कोण भिजवायचं? तू तर एसीत बसून बियांचे मोड मोजायचा. पाणी मी मारायचो, ग्रीसच्या हातानं.

अंगद: तेच म्हणून राह्यलो. दोघांचं होतं. मंग तिसरा कशाला घुसवला?

मच्छिंद्र: घुसवला न्हाई. बुलेट घेऊन आल्ता सर्व्हिसिंगला. बॅरलची नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली, तिच्यातनं बुडबुडे निघून राह्यले होते. ते बघत बसला. गाडी झाली तरी उठंना. मंग सांगितलं.

अंगद: सगळं सांगितलं?

मच्छिंद्र: काय झाकायचं त्यात? जव भिजवायचे, मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, गिरणीतनं भरडून आणायचे. हात ठरणार न्हाई असल्या कढत पाण्यात मुरत ठेवायचे. गाळायचं, ती हॉप्सची कडू फुलं टाकून उकळायचं, बराबर निवलं की यीस्ट. हे तर मोबाईलवर बी सापडतं.

अंगद: मोड किती होऊ द्यायचा, हे मोबाईलवर सापडतं? दाण्याएवढा झाला की थांबायचं, पुढं गेला तर सगळी गोडी कोंबच खातो. हे तुला कुणी शिकवलं?

मच्छिंद्र: तूच. आन मी त्याला तेच म्हणलं. मोडाचं मला विचारू नको, त्यातला उस्ताद अंगद.

अंगद: उस्ताद. म्हणून गेटवर आला मला जळवायला.

मच्छिंद्र: विचारायला आला असंल, येड्या.

अंगद: जळतंय मला, मच्छ्या. तुझ्यापासून काय लपवायचं? बाटली उघडली तेव्हा मनात म्हणलं, आंबट निघू दे. कुबट निघू दे. निघाली झकास. आपल्यापेक्षा साफ. फेस बघ, अजून बसला न्हाई.

मच्छिंद्र: बॅरल नीट धूत असंल तो. गरम पाणी मारून. आपण आळस करतो.

अंगद: माझ्यासमोर त्याचं कौतुक नको करू.

मच्छिंद्र: करीन. तुला एकट्यालाच जळता येतं व्हय?

अंगद: म्हणजे?

मच्छिंद्र: दिवाळीला राधेश्यामशेठच्या शेतावर तुमच्या कंपनीवाल्यांचं जेवण झालं. खोकं भरून बाटल्या नेल्या तू हितून. एकेक मी पुसून दिली. तिथं लोकांनी विचारलं, कुणी बनवली. तू काय म्हणला?

अंगद: तुला कुणी सांगितलं?

मच्छिंद्र: शेठची गाडी माह्याकडंच येती. म्हणले, तुह्या दोस्ताचा हात भारी हाय, तू बी शिकून घे त्याच्याकडून. मी म्हणलं, बराबर हाय शेठ, शिकतो.

अंगद: तोंडातनं निघून गेलं रे. सगळे साहेब लोक उभे होते. "मी" म्हणून गेलो.

मच्छिंद्र: "आम्ही" म्हणायला काय खर्चा येत होता? तीर्थपुरीच्या शाळेपासनं एका डब्यात जेवलो आपण. आन दिवाळीपासून हितं किती वेळा आला तू?

अंगद: काम होतं. पेरणीच्या आधी आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसती.

मच्छिंद्र: असंल. बॅरलपाशी एकट्याला बसवत न्हाई, अंगद. बुडबुडा निघाला की बाजूच्याला म्हणावं वाटतं, बघ, निघाला. सुमित यायचा रविवारी. त्याला म्हणायचो.

अंगद: म्हणजे माझी जागा त्याला दिली.

मच्छिंद्र: जागा रिकामी होती.

अंगद: बरं. चुकलं माझं. आता आपली बरणी दे, मी निघतो.

मच्छिंद्र: तुह्या फ्रिजमधी अर्धा साका हाय की.

अंगद: न्हाई.

मच्छिंद्र: न्हाई म्हणजे?

अंगद: परवा त्याची पहिली बाटली प्यालो आन तसाच घरी जाऊन पातेलं चढवलं. म्हणलं, ह्याच्यापेक्षा भारी करून ह्याच्याच नाकासमोर धरतो. उकळलं, बर्फाच्या टपात ठेवलं, थर्मामीटर बुडवला. बराबर निवलेलं दाखवलं. मधोमध यीस्ट ओतलं.

मच्छिंद्र: थर्मामीटर कुठं बुडवला?

अंगद: कडेला.

मच्छिंद्र: आन ढवळलं न्हाई.

अंगद: ढवळलं न्हाई. कडा गार, मधे चटका बसंल असं. नंतर बोट घातलं तेव्हा कळलं. काल बुडबुडा न्हाई, आज न्हाई. बुडचं थोडं साखरपाण्यात टाकून पाहिलं, तरी न्हाई. मेलं ते.

मच्छिंद्र: थोडं मागं ठेवलं असंल.

अंगद: सगळं ओतलं. म्हणलं, जास्त टाकलं तर जल्दी चढंल.

मच्छिंद्र: आमच्या मायचं बघायचा न्हाई का तू? दही घुसळायला घेतलं की आधी चमचाभर बाजूला. मंग दुसरं काम. बाकी काय बी होवो, तेवढं ऱ्हातं.

अंगद: माहीत हाय. म्हणून तुझ्याकडं आलो. दे बरणी.

मच्छिंद्र: माहीबी गेली. फ्रिज बंद पडल्ता, दुरुस्तीवाला येईपर्यंत बरणीत बुरशी. सुमितला दोन चमचे त्याच्या आधी गेल्ते. तेवढंच वाचलं.

अंगद: मंग ह्या बॅरलमधी काय हाय?

मच्छिंद्र: काही न्हाई. रिकामं हाय.

अंगद: गोणपाट तर ओलं करून ठेवलंय.

मच्छिंद्र: सवय. दुपारी पाणी मारतो, हात थांबत न्हाई. सुमित म्हणला होता, काका, परत आणून देतो, लावू या. मी म्हणलं, राहू दे. अंगद येऊ दे.

अंगद: असं म्हणला तू त्याला?

मच्छिंद्र: काय म्हणू मंग? हा घे सुमितचा नंबर. लाव फोन.

अंगद: तू बोल.

मच्छिंद्र: ज्याचं मेलं त्यानं मागायचं. स्पीकरवर टाक.

मालनबाई: हॅलो. सुमित अंघोळीला गेलाय. मी त्याची माय, मालनबाई. कोण बोलतं?

अंगद: काकू, मी अंगद. सीड कंपनीतला. तुमच्या फ्रिजमधी सुमितची एक बरणी असंल...

मालनबाई: तुम्हीच का अंगदभाऊ? बरं झालं, एकदाचा आवाज तरी ऐकला. ती मातकट बरणी ना? दह्याशेजारी ठेवू नको म्हणलं की चिडतो. अंगदभाऊंचं हाय, सांडू नको, रोज एकच चालू असतं त्याचं.

अंगद: माझं नाव घेतो?

मालनबाई: तर काय. बँकेतल्या दोस्तांना पाजलं, तिथंबी तेच. माझं काही न्हाई, अंगदभाऊंचं आन मच्छिंद्रकाकांचं हाय म्हणला.

अंगद: काकू, त्यातलं थोडं मिळंल का? आमच्याकडचं संपलं. आत्ता येऊन नेतो.

मालनबाई: आत्ता दिवेलागण झाली, बाबा. ह्या वक्ताला विरजण घराबाहेर जात न्हाई आमच्यात. दही असू दे न्हाई तर तुमचं ते. सकाळी या. येताना बरणी घेऊन या.

अंगद: बरं काकू. सकाळी येतो.

मच्छिंद्र: ठेवला?

अंगद: ठेवला.

मच्छिंद्र: कसा झालाय चेहरा तुहा. अजून जळतंय?

अंगद: जळतंय. पण आता त्याच्यावर न्हाई. मी साहेबांसमोर "मी" म्हणालो, आन तो बँकेत आपल्या दोघांचं नाव घेतो.

मच्छिंद्र: शेठला भेटलास की सांग मंग.

अंगद: सांगतो. सकाळी तू येशील ना संग?

मच्छिंद्र: गॅरेज कोण उघडंल?

अंगद: उशिरा उघड. आन बरणी रिकामी न्यायची न्हाई. माझ्याकडं मोड आणून वाळवलेले जव हायत, ते भरून नेऊ. त्याला मोडाचंच विचारायचं असंल.

मच्छिंद्र: चालंल. आता तेवढी बाटली संपव, गरम होऊन राह्यली. मी गोणपाटावर पाणी मारून येतो.

अंगद: तू बस. आज मी मारतो.